व्याह्यांचं जंगल

माझ्या व्याह्यांइतका जंगलात सभ्य आणि जंगलाबाहेर असह्य माणूस सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी दुसरा सापडायचा नाही. हे मी रागानं म्हणत नाही. राग फार तर एखादा दिवस टिकतो. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जे काही आहे ते लेकीच्या लग्नापासून टिकून आहे, आणि नात झाल्यापासून तर त्याला चांगली पालवी फुटली आहे. मी त्याला हेवा म्हणतो. माझी बायको सरळ 'जळणं' म्हणते, कारण तिला सौम्य शब्द शोधायचा कंटाळा आहे.

व्याही म्हणजे आमच्या स्वातीचे सासरे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पलूसजवळच्या एका वसाहतीत घर, मागं थोडा ऊस, दारात दोन म्हशी, आणि आवाज असा की या टोकाच्या बांधावरून त्यांनी मोटर बंद करायला सांगितली तर शेजारच्या तिघांच्या मोटरी बंद होतात. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईशी ते आतल्या खोलीतून वाद घालतात. जेवताना वाढणाऱ्याला 'बास' म्हणतात तेव्हा अंगणातला कुत्रा उठून उभा राहतो. स्वातीच्या लग्नात वऱ्हाडाची गाडी उन्हात लावायला सांगितली म्हणून हे गृहस्थ मांडवाच्या दारातच खुर्ची टाकून बसले आणि मुहूर्त जवळ आला तरी उठेनात. शेवटी मी स्वतः कोकम सरबताचा पेला घेऊन वाकून उभा राहिलो, तेव्हा त्यांनी पेला घेतला, पिऊन संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "थंड न्हाई." मी मुलीकडचा. मी हसलो. ते हसू माझ्या चेहऱ्यावर अजून कुठंतरी अडकून राहिलं आहे असं मला वाटतं.

आता असा माणूस चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला काय झालं असेल याची कल्पना करा. फाटक जवळ आल्यावर हे गाडीतून उतरले, टोपी सारखी केली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि वनखात्याच्या पोरसवदा रक्षकाला इतक्या हळू आवाजात राम राम घातला की मला वाटलं यांचा घसाच बसला. मग हात मागं बांधून, खाली मान घालून, नियमांचा फलक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तो त्यांना पाठ आहे. तरी वाचला. मांडवात मला सरबत थंड नाही म्हणणारा माणूस जंगलाच्या दारात मुलीच्या बापासारखा उभा होता. माझ्या वाट्याला जे कधी आलं नाही ते सगळं झाडांना मिळत होतं, आणि मी ते बघत होतो.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी साताऱ्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. सबंध नोकरी भोंग्यात बोलण्यात गेली. फलाट, गाडी, गाव, वेळ, आणि कृपया प्रवाशांनी. त्याचा परिणाम असा झाला की मी घरात मीठ मागितलं तरी ऐकणाऱ्याला आपली गाडी सुटते आहे असं वाटतं. मुद्दाम मी मोठ्यानं बोलत नाही. मला हळूचा अंदाजच येत नाही. म्हणजे आम्ही दोघंही आवाजाचेच धनी. फरक एवढाच की त्यांचा आवाज त्यांच्या हुकमात आहे आणि मी माझ्या आवाजाच्या हुकमात आहे.

जंगलात जायचं ठरलं की व्याह्यांच्या घरात आदल्या दिवसापासून वेगळाच कारभार सुरू होतो. वासाचा साबण बंद. केसांना तेल बंद. विहीणबाईंच्या काचेच्या बांगड्या वाजतात म्हणून त्यांच्यावर मनगटाला रुमाल गुंडाळायची वेळ येते. त्या बाई रुमाल बांधतात आणि त्यावरून दिवसभर नवऱ्याला टोमणे मारतात, पण तेही खुणेनं. स्वतः व्याही एक शर्ट घालतात, ज्याचा रंग कुठल्याच दुकानात मिळत नाही. तो मूळचा खाकी असावा, मग मातीच्या पाण्यात धुतला गेला असावा, आणि आता तो वाळलेल्या गवताच्या इतका जवळ गेला आहे की त्यांच्या म्हशीनं एकदा त्याची बाही चघळली होती. घड्याळाची काच चमकते म्हणून घड्याळ खिशात. निघताना अंगणात सगळ्यांना ओळीनं उभं करून खिसे तपासतात. वेफर्सची पुडी, गोळ्या, प्लास्टिकची बाटली, जे निघेल ते ओसरीवर ठेवायचं. फोन नुसता गप्प केलेला चालत नाही, बंद करावा लागतो. माझ्या जावयानं एकदा फोन 'सायलेंट'वर आहे असं सांगितलं तर म्हणाले, "तू सायलेंटवर हाईस का?" तो एका मोठ्या कंपनीत माणसं सांभाळतो. त्यानं फोन बंद केला.

त्यांच्या या वागण्याची कीर्ती शिराळ्यापर्यंत आहे. तिथल्या चहाच्या टपरीवर मी ऐकलेली नव्हे, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगतो. आम्ही धरणाच्या बाजूनं परत येत होतो. रस्त्याच्या वळणावर एक मोठी पांढरी गाडी थांबली होती. त्यातल्या मंडळींनी खाऊन झाल्यावर कागदी ताटल्या, बाटल्या, पुड्या असं सगळं कठड्यापलीकडं भिरकावलं आणि ती निघून गेली. व्याही उतरले. त्यांच्या गाडीत खताचं एक रिकामं, धुतलेलं पोतं कायम असतं. कठडा ओलांडून त्यांनी सगळा माल त्यात भरला, ताटल्यांवर ताटल्या नीट रचून, आणि मग आम्ही त्या गाडीच्या मागं लागलो. आरळा गेलं, कोकरूड गेलं, आणि शिराळ्याच्या टपरीवर ती मंडळी चहा पिताना सापडली. व्याही पोतं घेऊन गेले आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "तुमचं सामान मागं ऱ्हायलं हुतं. म्हनलं गाठावं." त्यातल्या एका बाईनं आत न बघताच आभार मानले. मग आत बघितलं. त्या मंडळींनी ते पोतं गाडीत ठेवलं, आणि व्याह्यांनी वर विचारलं, पोतं रिकामं करून मिळंल का, आमास्नी लागतं. टपरीवाल्यानं त्या दिवशी व्याह्यांना बिस्किटाचा अख्खा पुडा दिला आणि तो घडलेली हकिकत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिला. मी त्या सबंध प्रवासात गाडी चालवली होती. त्या पांढऱ्या गाडीला गाठलं ते मी. पण कुणाही सांगणाऱ्याच्या हकिकतीत मी नाही.

इथवर मी सोसलं असतं. पण मधे ओवी आली. ओवी आमची नात, पुण्याला शाळेत जाते. पूर्वी मे महिन्याची सुट्टी सरळ वाटली जायची, अर्धी साताऱ्याला आमच्याकडं, अर्धी पलूसला. मग तात्यांनी, म्हणजे व्याह्यांनी, ती त्यांना तात्या म्हणते, तिला एकदा चांदोलीला नेलं, आणि त्या सुट्टीपासून आमचा अर्धा आक्रसत गेला. गेल्या वर्षी तर मी फोनवर कधी येतेस विचारलं, तेव्हा ती एखाद्या अधिकाऱ्यासारखी म्हणाली, "आजोबा, जमलं तर येते." माझ्या घरी ही मुलगी दूध पीत नाही, दात घासताना दारं लावून घेते, झोपायला सांगितलं की तिला तहान लागते. आणि तात्यांनी जंगलात एकदा सांगितलं की करवंदं तोडायची नाहीत, ती अस्वलाची हायत, तुला बांधावरची देतो, तर ती पिकलेल्या जाळीसमोरून हात मागं बांधून चालत गेली. स्वाती मला हे कौतुकानं सांगत होती. मी विचारलं, जाळी किती पिकली होती. ती म्हणाली, काळीभोर. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मी हात बांधून बसलो नव्हतो. मी ओवीला महाबळेश्वरला नेलं. घोड्यावर बसवलं, मक्याचं कणीस दिलं, स्ट्रॉबेरीवर साय घालून देतात ते दिलं, सूर्यास्त दाखवला. सूर्यास्ताच्या जागी गर्दीत कुणाच्यातरी स्पीकरवर गाणी लागली होती. ती सूर्याकडं न बघता त्या स्पीकरकडं बघत राहिली आणि मला म्हणाली, "आजोबा, इथले प्राणी कुठं जात असतील?" मग मी एक चांगली दुर्बीण आणली. आयुष्यात स्वतःसाठी मी एवढी चांगली वस्तू कधी घेतली नव्हती. ओवीनं ती उलट्या बाजूनं डोळ्याला लावली, माझ्याकडं बघितलं, आजोबा फार लांब गेले म्हणाली, आणि खूप हसली. पुढच्या वेळी पलूसला गेलो तर ती दुर्बीण व्याह्यांच्या गळ्यात. म्हणे तात्यांना मोतीबिंदू आहे, त्यांना जास्त गरज आहे. व्याही दुर्बीण हातात तोलून म्हणाले, "लय झ्याक वस्तू आनलीत पावनं." मी म्हणालो, आवडली ना, बरं झालं. लग्नातलं ते अडकलेलं हसू त्या वेळी उपयोगी पडलं.

मग पक्ष्यांचं पुस्तक आणलं. कारण मला एक गोष्ट कळली होती. व्याह्यांना जंगलातलं नाव फारसं येत नाही. पक्षी असला तर ते पक्षी म्हणतात, फूल असलं तर फूल. ओवीनं विचारलं की सांगतात, "आसंल कायतरी. त्येला कुठं आपलं नाव ठाव हाय." मी ठरवलं की इथं मी त्यांना गाठणार. सबंध हिवाळा मी गच्चीत बसून नावं पाठ केली. तांबट, हळद्या, नाचण, धनेश. स्टँडवर कऱ्हाड, कोरेगाव, वडूज पाठ असायचं तसं.

आणि या मे महिन्यात आम्ही सगळे निघालो. मी, बायको, स्वाती, ओवी, व्याही आणि विहीणबाई. जावई कामामुळे पुण्याला. अंगणातल्या तपासणीत माझ्या खिशातून लिमलेटच्या गोळ्या निघाल्या. त्या ओसरीवर ठेवताना ओवी माझ्याकडं ज्या दयेनं बघत होती ते मी विसरायचा प्रयत्न करतो आहे. फाटकापासून पुढं वनखात्यानं परवानगी दिलेली जीप, आणि बरोबर वाटाड्या म्हणून जवळच्याच गावचा एक मध्यमवयीन माणूस. तो व्याह्यांना चांगला ओळखत होता, वाकून पाया पडला. मी ओवीच्या शेजारी जागा पकडली. पुस्तक पाठ होतं. एका वळणावर जांभळीच्या फांदीवर छोटा हिरवा पक्षी, कपाळ तांबडं, ठोक ठोक करत बसलेला. मी म्हणालो, "हा तांबट." माझ्या समजुतीप्रमाणे मी कुजबुजलो. तांबट गेला. शेजारच्या झाडावरचे दोन-चार पक्षी, ज्यांची नावं मला नंतर सांगायची होती, तेही गेले. खाली पाचोळ्यात काहीतरी धडपडत लांब पळालं. ओवीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला समजावत म्हणाली, "आजोबा, हळू. आपण दुसऱ्यांच्या घरात आलोय." हे वाक्य कुणाचं ते विचारायची गरज नव्हती.

त्यानंतर मी बोललो नाही. गप्प बसलं की रान जवळ येतं हे मला मान्य करावं लागलं. शेकरू दिसली, झुपकेदार शेपटी खाली सोडून फांदीवर पालथी पडलेली. भेकर दिसलं, एका पायावर थबकलेलं. प्रत्येक वेळी ओवी आधी तात्यांकडं बघायची, मग प्राण्याकडं. माझ्याकडं बघायची वेळ यायच्या आत प्राणी निघून जायचा.

मग झाडी विरळ झाली आणि जीप एका मोकळवणीच्या कडेला आली. वाटाड्यानं चालकाच्या खांद्याला हात लावला आणि गाडी थांबली. समोर उंच गवत, त्यात दगडांच्या चौकोनी ओळी, गुडघ्याएवढ्या. पडलेल्या घरांची जोती. एका कडेला आंब्याचं मोठं झाड, आणि त्या जोत्यांमध्ये गवे. काळे, चकचकीत, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. एक मोठी गाय तोंड वर करून आमच्याकडं बघत होती आणि तिच्यामागं एक तांबूस वासरू गवतात बसलं होतं. मी जन्मात पहिल्यांदा गवा इतक्या जवळून पाहत होतो, आणि तरीही माझं लक्ष व्याह्यांकडं गेलं. कारण त्यांनी टोपी काढली होती.

लग्न जमवताना माझ्या कानावर आलं होतं की यांचं मूळ गाव वर चांदोलीकडं होतं आणि ते उठलं. मी त्या दिवसांत हॉल आणि आचारी यात बुडालो होतो. गाव उठलं म्हणजे उठलं, त्यात विचारायचं काय, असं मला वाटलं असावं. धरण झालं, उद्यान झालं, वरची गावं खाली आली, हे तर पेपरात येऊन गेलेलं. पण माणूस एका घरातून निघतो तेव्हा ते घर मागं कुठंतरी राहतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

वाटाड्या मागं वळून हळूच म्हणाला, "तात्या, उतरा की वाईच. गवं हलतील आत्ता बाजूला. पायरीला हात लावून या. कुनी बगत न्हाई."

व्याही म्हणाले, "तू बगतोयस की."

"म्या न्हाई सांगत कुनाला."

"फलकावर लिवलंय, गाडीतनं उतरू नये. आमी उतरलो, तर उद्या समदीच उतरत्याल."

विहीणबाई माझ्या बायकोच्या कानाशी लागून सांगत होत्या. दर वर्षी पावसाळ्यानंतर उद्यान उघडलं की हे येतात, आणि मे महिन्यात बंद व्हायच्या आधी एकदा येतात. गाडी इथं थांबते. हे बघतात आणि चला म्हणतात. आजवर कधी उतरले नाहीत. एकदा त्या म्हणाल्या होत्या, मी उतरते, माझंही सासर आहे, तर हे त्यांच्याशी घरी जाईपर्यंत बोलले नाहीत.

ओवीला यातलं काही माहीत नव्हतं; ती किंवा आम्ही बरोबर असलो की आजवर गाडी दुसऱ्याच वाटेनं जायची. ती जोत्यांकडं बोट करून कुजबुजली, "तात्या, इथं कोण राहायचं?"

"आमी."

"मग तुम्ही का गेला?"

व्याह्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "त्यास्नी जागा पायजे हुती, बाळा. आमास्नी दुसरी दिली."

"तुमचं घर कुठलं?"

त्यांनी दुर्बीण तिच्या डोळ्याला लावून दिली आणि तिचं डोकं दोन्ही हातांनी हलकेच वळवलं. "त्ये वासरू बसलंय बग. तितं चूल हुती. माजी आई तितं भाकरी करायची."

ओवी बराच वेळ बघत राहिली. मग दुर्बीण खाली न घेता म्हणाली, "वासरू तुमच्या स्वयंपाकघरात बसलंय."

व्याही हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. हसणं संपलं असावं असं वाटल्यावरही ते खांदे थोडा वेळ हलत राहिले, आणि ओवीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी शेजारीच होतो, माझाही हात तिथंच मोकळा पडला होता. मला त्या क्षणी त्यांचं वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण त्याच्या बरोबरीनं दुसरंही वाटलं, आणि ते काय होतं हे तुम्हांला आता सांगायला नको. नात आपल्यासाठी अशी कधी गप्प बसेल का, असा विचार मी त्यांच्या पडक्या घरासमोर बसून करत होतो.

वासरू उठलं, आईमागं आंब्याखालून पलीकडं गेलं, कळप हलला. व्याह्यांनी टोपी घातली आणि चला म्हणाले.

संध्याकाळी पलूसला परत आलो तेव्हा त्यांचा आवाज जागेवर आला होता. गोठ्यात म्हशीला, विहिरीवर मोटरीला, ओसरीवर बायकोला, सगळ्यांना त्यांनी एकाच दमात फैलावर घेतलं. मग अंघोळ करून माझ्याजवळ कट्ट्यावर येऊन बसले. उसावरनं गार वारं येत होतं. आमच्यात व्याह्या-व्याह्यांचं बोलणं म्हणजे पाऊस आणि गुडघे, त्यापलीकडं आम्ही सहसा जात नाही. त्या दिवशी त्यांनी एकदम विचारलं, "पावनं, तुमचा जलम साताऱ्यातलाच न्हवं? त्ये घर हाय न्हवं अजून?"

मी म्हणालो, आहे की, मंगळवार पेठेत, धाकटा भाऊ राहतो. दोन खोल्या आहेत, बघण्यासारखं काही नाही.

ते म्हणाले, "हाय ठाव मला. लग्नाच्या आधी तुमी आमास्नी त्या बोळातनं न्हेलं हुतं. नुसता हात केला, म्हनलात ह्ये आमचं जुनं घर, आन् तसंच फुडं चालत ऱ्हायलात. थांबला बी न्हाई." मग म्हणाले, "त्या दिसापासनं जळतोय म्या तुमच्यावर."

बोलण्यासारखं बरंच होतं. दुर्बीण होती, शिराळ्याची टपरी होती, अर्ध्या सुट्ट्या होत्या. पण हा माणूस माझ्यावर जळत होता, आणि कशावर, तर ज्या घराच्या नळाची गळती दुरुस्त करायला भाऊ मला फोन करतो आणि मी टाळतो, त्या घरावर. कुणी आपल्यावर जळावं अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. ती पूर्ण झाल्यावर तिचं काय करायचं ते मला सुचेना.

"दावा की एकदा," ते म्हणाले.

शाळा सुरू व्हायच्या आत ते साताऱ्याला आले, ओवीला घेऊन. आम्ही तिघं मंगळवार पेठेत गेलो. बोळ तसाच अरुंद, दारात भावाची स्कूटर, आत नवी फरशी, फ्रिज, पुतण्यानं भिंतीवर चिकटवलेले क्रिकेटवाले. भावजयीनं चहा टाकला. व्याह्यांनी भिंतीवर हात फिरवला, छताकडं बघितलं, आणि मला विचारलं की मी नेमका कुठल्या कोपऱ्यात जन्मलो. मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत विचारावंसं वाटलंच नव्हतं. त्यांना ते इतकं चमत्कारिक वाटलं की मी कोरेगावला थोरल्या बहिणीला फोन लावला. ती आधी घाबरली, मग म्हणाली, खिडकीखाली बाज असायची, तिथंच, आणि मोठा पाऊस होता, आणि तू रडलाच नाहीस म्हणून आई घाबरली होती. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. खिडकीखाली आता कपडे धुवायचं यंत्र आहे. व्याह्यांनी ओवीला हाक मारून त्या यंत्राकडं बोट दाखवलं आणि सांगितलं, हितं तुझं आजोबा जलमलं. ओवीनं यंत्राकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत, जणू मी आत्ताच कुठून तरी बाहेर आलो होतो. मग तिनं मला विचारलं की ती बाज कुठं गेली, आणि मी तिला सांगायला लागलो. बरंचसं मला आठवत नव्हतं. जे आठवलं ते सांगितलं, आणि ती ऐकत राहिली.

चहा घेताना पाहिलं तर व्याही आत नव्हते. भाऊ त्यांना शोधत दाराशी गेला आणि सोफ्यावर येऊन बसा म्हणाला. ते बाहेर दगडी पायरीवर बसले होते, बोळाकडं तोंड करून. म्हणाले, हितं बरं हाय. मी चहाचे कप घेऊन बाहेर गेलो. त्या पायरीवरून मी लहानपणी किती वेळा पडलो असेन, किती वेळा रागानं उतरलो असेन, पण तिच्यावर बसलो होतो कधी ते आठवेना. दगड मधोमध खोलगट झाला आहे. आमच्याच घरच्या पायांनी झिजलेला. व्याही त्या खोलगट जागेवर बसले होते.

त्यांनी माझ्या हातातला एक कप घेतला आणि थोडं सरकून मला जागा दिली.